'जीन टेस्ट करा, हळद खा, पार्किन्सन विसरा' वाल्या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला, यावेळी आत्याकडून, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. थोडक्यात असं की पार्किन्सन (कंपवात) म्हणजे मेंदूची सूज आणि गंज, तो जीन्समध्येच लिहिलेला असतो, लाळेच्या एका टेस्टमध्ये टीएनएफ (सूजेशी जोडलेला) आणि एसओडी२ (गंजाशी जोडलेला) हे 'खराब जीन' सापडतात, मग हळद आणि अँटिऑक्सिडंट कॅप्सूल सुरू केल्या की आजार होतच नाही, आणि झालाच असेल तर लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, बंद करा. काकांना कितीतरी वर्षं पार्किन्सन आहे, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी सांभाळतो, म्हणून गप्प बसवलं नाही.

'सूज आणि गंज', हे अगदीच हवेतलं नाहीये, ते आधी कबूल करतो. १९८८ मध्ये मॅकगीर आणि सहकाऱ्यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत, जिथे डोपामिन (हालचाली नीट ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी असतात तिथेच, चवताळलेल्या मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी दाखवल्या. त्याआधी १९८२ ला कॅलिफोर्नियात काही तरुणांनी नशेसाठी घरगुती बनवलेलं ड्रग टोचून घेतलं, त्यात एमपीटीपी नावाची भेसळ निघाली आणि काही दिवसांत ती पोरं म्हाताऱ्या रुग्णांसारखी ताठ झाली, कारण ते विष मायटोकॉन्ड्रियाचाच, म्हणजे पेशीतल्या वीजघरांचाच, गळा आवळतं आणि ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे मेसेजमधला 'गंज', वाढतो. पण पेशी मरायला लागल्या की सूज येणारच ना, त्यामुळे आधी काय झालं हे मेलेल्या मेंदूची स्लाइड बघून ठरत नाही.

'जीन्समध्ये लिहिलेलं असतं.' इथे मेसेज पार घसरलाय. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या जुळ्या सैनिकांचा अभ्यास १९९९ ला आला, त्यात पन्नाशीनंतर आजार झालेल्यांमध्ये एकसारखे जुळे आणि वेगळे जुळे यांत दोघांनाही पार्किन्सन असण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. लिहूनच ठेवलेलं असतं तर एकसारख्या जुळ्यांत ते कितीतरी जास्त दिसायला हवं होतं. पन्नाशीच्या आत झाला तर मात्र जीनचा हात मोठा असतो, तिथे पार्किन, पिंक१, डीजे-१ असली नावं येतात, आणि गंमत म्हणजे हे तिन्ही मायटोकॉन्ड्रियाची साफसफाई आणि ऑक्सिडेटिव्ह ताण याच्याशीच जोडलेले आहेत. म्हणजे जीन आणि गंज यांचं नातं खरं आहे, पण ते या थोड्या घरांपुरतं ठळक.

बाकी सगळ्यांचं काय? २०१९ ला लाखो लोकांचे जीन तपासून पार्किन्सनशी जोडलेल्या ९० जागा शोधल्या, आणि त्या सगळ्या मिळूनही वारशाने येणाऱ्या धोक्याचा फार तर एक तृतीयांश भाग समजतो. सूजेच्या बाजूने त्यात एचएलए हा प्रतिकारशक्तीचा भाग आहे, पण त्याचा परिणाम इवलासा आणि त्याचे काही प्रकार तर उलट धोका थोडा कमी करतात. एसओडी२ त्या यादीत नाहीच. टीएनएफ, एसओडी२ वगैरेंवर पूर्वी शे-दोनशे रुग्णांचे अभ्यास खूप झाले, एकात हो, दुसऱ्यात नाही. शिवाय एसओडी२ मधला तो 'खराब' बदल इतका कॉमन आहे की आपल्या ग्रुपमधल्या कितीतरी जणांत निघेल. एलआरआरके२ सारखा दमदार जीन घेतला तरी तो बदल असलेल्या बऱ्याच लोकांना ऐंशीपर्यंत आजार होत नाही, आणि त्याचा सगळ्यात माहितीतला प्रकार भारतीय रुग्णांत क्वचितच सापडतो. मग रिपोर्टात लाल अक्षरात 'हाय रिस्क' छापतात ते कशाच्या जोरावर?

'मुंबईच्या पारश्यांमध्ये सगळ्यात जास्त, हाच पुरावा.' १९८८ चा तो सर्व्हे खरा आहे, लाखात ३२८ रुग्ण. पण पारशी समाजात म्हातारी माणसंच जास्त आणि हा आजार म्हातारपणीचा. वयाचा हिशोब लावला की आकडा बराच खाली येतो. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

कॅप्सूलचं तर माणसांवर करून झालंय. व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट, ८०० रुग्ण, १९९३ ला निकाल: काही उपयोग नाही. को-क्यू-१०, ६०० रुग्ण, २०१४, तेही नाही. मग रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढवून बघितलं, कारण ते शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, २०२१ ला तिथेही हात हलवत परत. हळद भाजीत घालतोच आपण, पण तिचा कर्क्यूमिन पोटातून रक्तात फारच कमी जातो.

आता लेव्होडोपा, ज्यावरून माझं खरं डोकं फिरलं. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये त्याने पेशींना ताण येतो, ही भीती डॉक्टरांनाही एकेकाळी होती. म्हणूनच नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्ण घेऊन निम्म्यांना लगेच आणि निम्म्यांना ४० आठवडे उशिरा गोळी दिली. २०१९ चा निकाल, ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच, म्हणजे गोळीने आजार थांबवलाही नाही आणि वाढवलाही नाही. ती अचानक बंद केली तर मात्र जबरदस्त ताप, ताठरपणा, बेशुद्धी, थेट हॉस्पिटल, आणि आत्या, हे तुझ्याच भावाबद्दल चाललंय.

आणि सगळ्यात कहर म्हणजे त्याच मेसेजच्या शेवटी लिहिलंय, लेव्होडोपाऐवजी खाजकुयलीच्या बियांची पावडर घ्या. अहो, त्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतो! फक्त चमच्यात किती आला ते कुणी मोजलेलं नसतं, त्यामुळे गोळीसोबत कुणी ती आधीच चालू केली असेल तर न्यूरोलॉजिस्टला आजच सांगा.