ऑप्टिकल फायबर म्हणजे पोकळ आरसेनळी नव्हे

“ऑप्टिकल फायबर म्हणजे आतून आरशाचा मुलामा दिलेली पोकळ काचेची नळी. तिच्यातून प्रकाश आपल्या कमाल वेगाने धावतो, कितीही लांब गेला तरी फिका पडत नाही, आणि त्यातला संदेश कुणालाही चोरता येत नाही. आता उपग्रहांचं इंटरनेट आल्यामुळे या केबल लवकरच भंगारात जाणार.” हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यातला एकही दावा टिकत नाही.

सुरुवात आरशापासून. दळणवळणासाठी वापरला जाणारा नेहमीचा फायबर भरीव असतो. मध्ये काचेचा गाभा आणि त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या (म्हणजे प्रकाशाला थोडी कमी मंदावणाऱ्या) काचेचं आवरण. लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा, तर आवरणासकट जाडी १२५ मायक्रोमीटर. दोन्ही काचांच्या अपवर्तनांकात एक टक्क्याहूनही कमी फरक असतो, पण तेवढा पुरतो. सीमेला जवळजवळ समांतर येणारा प्रकाश आवरणात निसटत नाही, पूर्णपणे आत परततो. शाळेत शिकलेलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. (९ मायक्रोमीटरच्या गाभ्यात मात्र दोन्ही बाजूंना आपटत जाणाऱ्या किरणाचं चित्र अपुरं पडतं, तिथे प्रकाशाचा तरंग म्हणूनच विचार करावा लागतो.) धातूचा आरसा दर परावर्तनाला थोडा प्रकाश गिळतो. ९८ टक्के प्रकाश परतवणारा आरसा घेतला, तरी शंभर परावर्तनांनंतर जेमतेम १३ टक्के उरेल. बारीक तंतूत इतकी परावर्तनं एका मीटरच्या आतच होऊ शकतात. दळणवळणासाठी पोकळ गाभ्याचेही खास फायबर आहेत, हे खरं. पण त्यांत प्रकाश रोखून धरते ती काचेची सूक्ष्म रचना. मुलामा तिथेही नसतो.

‘प्रकाश फिका पडत नाही’ हा दावा मला सर्वात जास्त खुपतो, कारण या तंत्रज्ञानामागचे सगळे कष्टच तो पुसून टाकतो. १९६० च्या दशकातल्या काचेत वीसेक मीटरमध्येच ९९ टक्के प्रकाश संपायचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या संशोधकांनी दाखवून दिलं, की मुख्य दोष काचेचा नसून तिच्यातल्या लोहासारख्या अशुद्धींचा आहे. एका किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला, तरी टेलिफोनसाठी फायबर वापरता येईल, असा त्यांचा हिशोब होता. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतल्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्त्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. आज १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात तोच एक टक्का उरतो सुमारे १०० किलोमीटरनंतर! त्यासाठी काच वाळू वितळवून नव्हे, तर अतिशुद्ध रसायनांच्या वाफेतून थर साचवून घडवावी लागते. काओ यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते फायबरमधून प्रकाश दूरवर नेण्याच्या त्यांच्या कामासाठी.

तरीही प्रकाश क्षीण होतोच. म्हणून समुद्राखालच्या लांब केबलमध्ये साधारण ५० ते १०० किलोमीटरवर ॲम्प्लिफायर बसवलेले असतात. त्यांतला अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेला फायबर प्रकाशाचं विजेत रूपांतर न करताच त्याचं बळ वाढवतो. त्यांना लागणारी वीज केबलमधल्याच धातूच्या वाहकातून जाते.

वेगाचं उत्तर छोटं आहे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, निर्वातातल्या वेगाच्या दोन तृतीयांश.

चोरीबाबतचा दावा तर धोकादायक आहे. फायबर विजेच्या हस्तक्षेपाला दाद देत नाही आणि तांब्याच्या तारेसारखा बाहेर विद्युतचुंबकीय माग सोडत नाही, इथवर ठीक. पण तो जास्त वाकवला की वळणावर थोडा प्रकाश बाहेर झिरपतो आणि तो टिपता येतो. तेव्हा गुप्तता हवी असेल, तर संदेश कूटबद्धच (एन्क्रिप्ट) करायला हवा. केवळ केबलच्या भरवशावर राहू नये.

उरले उपग्रह. दुर्गम भागात, जहाजावर, आपत्तीच्या वेळी ते अनमोल आहेत. पण खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक माहिती आजही समुद्रतळावरच्या फायबरमधूनच जाते. भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा) उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळपास अर्धा सेकंद जातो. खालच्या कक्षेतले उपग्रह हा उशीर खूप कमी करतात, पण त्यांची रेडिओ-क्षमता परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते. फायबरच्या एकाच जोडीतून मात्र वेगवेगळ्या तरंगलांबींचे डझनावारी प्रवाह एकाच वेळी धावतात, आणि एका केबलमध्ये अशा अनेक जोड्या असतात.

शिवाय फायबरचं काम इंटरनेटपुरतं नाही. एंडोस्कोपमधून शरीरात उजेड पोहोचवणं, शस्त्रक्रियेच्या लेसरला वाट देणं, उच्च दाबाच्या वीजयंत्रणेत तापमान मोजणं, ही कामं उपग्रह कशी करणार? काचेत प्रकाश विखुरतो, हे तो क्षीण होण्याचं एक मोठं कारण. पण त्यातलाच अंशभर प्रकाश उलटा परततो. त्याला लागलेल्या वेळेवरून तंत्रज्ञ केबल नेमकी कुठे तुटली ते शोधतात, आणि त्यातल्या सूक्ष्म बदलांवरून जमिनीत पुरलेल्या फायबरच्या साहाय्याने भूकंपाची कंपनंही टिपली जातात.