फक्त माझ्याच गाडीखाली पुठ्ठा

अंगणात सात गाड्या उभ्या होत्या. मी मोजल्या. एकीची नंबरप्लेट तारेनं बांधलेली, एकीचं पुढचं मडगार्ड भलत्याच रंगाचं. पुठ्ठा कुणाच्या गाडीखाली? माझ्या. ऑईल गळतं ना!

रविवारी फोंड्याजवळ कुर्टीला मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. होम पेटलेला, भटजी 'यजमान कुठे गेले, यजमान' करतायत, आणि यजमान सोवळं नेसून, घामानं निथळत, काखेत फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मारून माझ्या गाडीखाली वाकलेले. बोटात दर्भाची पवित्री तशीच. मी धावत गेलो. "अरे, काय करतोस?" तर म्हणतो, "काही नाही भावोजी, पेव्हर नवे आहेत ना." आणि पुठ्ठा बरोब्बर इंजिनाखाली येतोय का ते बघायला आणखी खाली वाकला. म्हणजे जागासुद्धा पाठ! मागच्या चवथीला जुन्या घराच्या अंगणात पडलेला डाग माणसानं लक्षात ठेवलेला.

अहो, गुपचूप तरी सरकवायचा. भटजी थांबले, होमाभोवतीची माणसं माना वळवून बाहेर बघायला लागली. बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहीत नाही.

पुढचं ऐका. जेवणं झाली, निघायची वेळ आली, मी गाडी मागे घेतली आणि पोरांनी पुठ्ठा ओढून काढला. मोजणी सुरू. "एक, दोन, तीन..." अकरा थेंब. त्यातले दोन एकमेकांत मिसळलेले, त्यावरून वाद. बायकोचे काका हातात मणगण्याची, म्हणजे चणाडाळीच्या खिरीची, वाटी घेऊन आले, थेंबावर बोट टेकवलं, वास घेतला आणि निकाल दिला, "मोबिल. गिअरबॉक्साचें न्हय." मग तेच बोट लुंगीला पुसून मणगणं पुढे चालू. आणि मेहुण्यानं तो पुठ्ठा घडी घालून माझ्या डिकीत ठेवला. "असू दे भावोजी, घरी लागेल."

घरी लागेल!

आठ महिने. तीन गॅरेजं. 2011 ची गाडी आहे, मान्य, पण घासूनपुसून ठेवलेली. आणि कृपा करून 'विकून टाक' म्हणू नका. असं म्हणणाऱ्यांच्या घरात आजोबांचं पोर्तुगीज काळातलं कपाट असतं, दार लागत नाही त्याचं. ते विकतात का? तसंच तो 'ऑईल गळतंय म्हणजे निदान ऑईल आहे' हा विनोद. तिन्ही गॅरेजांत ऐकला. तिन्ही वेळा मी हसलो, कारण गाडी त्यांच्या ताब्यात होती.

पहिल्यानं सांगितलं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग. बदललं. इंजिन प्रेशरनं धुऊन चकाचक करून दिलं. इतकं जोरात पाणी मारलं की ते स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत साचलं आणि गाडी म्हापशाच्या बसस्टँडसमोर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, आचके द्यायला लागली. मागे बस, पुढे नारळाचा टेम्पो, बाजूला काळ्या नंबरप्लेटच्या भाड्याच्या गाडीतून चौघे पर्यटक माझा व्हिडिओ काढतायत. प्लग काढून सुकवले. आठ दिवस खालून कोरडं. नवव्या दिवशी थेंब.

या धुण्याचीच मला चीड आहे. धुतलं की आठ दिवस कुठलंही इंजिन कोरडंच दिसणार! त्याला दुरुस्ती कसली म्हणता? तोवर पैसे देऊन झालेले असतात.

दुसरा म्हणाला पुढचं क्रँकचं सील. पुली काढली, सील मारलं. सील इथे मिळेना, बेळगावाहून मागवलं. "फाल्यां येतलें." आता 'फाल्यां' म्हणजे उद्या हा अर्थ शाळेतल्या पोरांनी पाठ करायचा, गाडीवाल्यांनी नाही. अकरा फाल्यां झाली. त्यात दुपारी एक ते चार शटर अर्धं खाली आणि आत बाकड्यावर माणूस झोपलेला. मी ऑफिसातून सुट्टी काढायची ती नेमकी त्याच्या झोपेच्या वेळेत. पार्टच्या दुकानात विचारलं तर काऊंटरवरचा मान वर न करता, "कंपनीचं की लोकल?" फरक काय, तर "कंपनीचं कंपनीचं असतं." धन्यवाद.

तिसऱ्यानं चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑईलचं भांडं, उतरवलं. आमच्या वाड्यावरच्या स्पीडब्रेकरवर पांढरा पट्टा मारायला पंचायतीला मुहूर्त सापडत नाही, त्यामुळे चेंबर एकदा घासलं होतं हे खरं. त्यानं सिलिकॉनच्या दोन नळ्या रिकाम्या केल्या. चेंबरच्या कडेनं लोण्यासारखं सिलिकॉन बाहेर आलेलं, वरून त्याची बोटं उमटलेली. तिथून एक थेंब गळत नाही, हे मी शपथेवर सांगतो. गळायला लागलं दुसरीकडून.

आणि वास! कुर्टीला जाताना पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामात गाडी अडकली. ऑईल कुठून तरी ओघळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं आणि एसीच्या जाळीतून जळका धूर आत. बायको नवी साडी नेसून नाकाला पदर लावून बसलेली. पणजी, जुनं गोवं, बाणस्तारी, फोंड्यापर्यंत एक अक्षर बोलली नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं. मी मात्र बडबडत होतो. पंचायत, गॅरेजवाले, बेळगाव, सगळ्यांचा उद्धार करून झाला. त्यावर पोहोचल्या पोहोचल्या तो पुठ्ठा.

मंगळवारी शेवटी एका मित्राच्या ओळखीनं डिचोलीजवळच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. गॅरेज कसलं, माडाखाली पत्र्याचा मांडव. मी सगळा इतिहास सांगायला लागलो तर म्हणाला, "पात्रांव, पावडर आसा?" कसली? तोंडाला लावायची. डिकीत बायकोची बॅग राहिली होती, त्यातला डबा दिला. (याचा हिशेब घरी अजून व्हायचा आहे.) त्यानं इंजिन केरोसीन आणि ब्रशनं पुसलं, पाण्याचा थेंब नाही, पूर्ण कोरडं केलं आणि वरून सगळीकडे टाल्कम पावडर फुंकली. इंजिन पूजेला बसवल्यासारखं दिसायला लागलं. "वच, मयेचें तळें पळोवन यो." गेलो, तळ्याला वळसा घालून आलो, बॉनेट उघडलं.

पांढऱ्या पावडरीत एक काळी रेघ. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, पार केबिनच्या पत्र्याकडच्या अंधारातून निघालेली, ब्लॉकवरून वाकडीतिकडी उतरत, एक फाटा एक्झॉस्टकडे, दुसरा चेंबरच्या कडेला येऊन तिथून थेंब. गाडी चालताना खालचा वारा तेल मागे ढकलतो तो वेगळाच.

आता मला लाज वाटली ती इथे. माझा जन्म कौलारू घरात गेला. पाणी चुलीवर पडतं म्हणून चुलीवरचं कौल बदलायचं नसतं, फुटकं कौल वर आढ्याशी असतं आणि पाणी वाशावरून चालत चुलीपर्यंत येतं, हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. दर मिरगाच्या आधी बापाबरोबर शिडी धरून उभा राहिलोय. आणि इथे आठ महिने मी थेंब पडतो तिथे बोट दाखवत होतो.

त्यानं कव्हरचे बोल्ट सैल केले. करता करता थांबला. "हें कोणें आवळलां?"

मी गप्प.

पहिल्या गॅरेजनंतर थेंब आला तेव्हा रागानं मीच, माझ्या हातानं, लांब दांड्याचा पाना लावून ते बोल्ट 'आणखी दोन आटे' आवळले होते. मनगटाच्या जोरावर भागणारे बारके बोल्ट ते, साधारण 10 न्यूटन-मीटर खूप झाले. मी त्यांच्यावर सगळा राग काढला. पॅकिंग मागच्या कोपऱ्यात चेपून बाहेर फुगलेलं, एका जागी कापलेलं. बायकोला तेव्हा ऐटीत सांगितलं होतं, 'मजुरी वाचवली.'

पण थांबा, सगळं खापर माझ्यावर नाही! त्यानं पीसीव्ही वाल्व्ह ओढून काढला, अंगठ्याएवढा. कानाशी धरून हलवला. "हो वाजूंक जाय." खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे, हा मुका. आत काळा चिकट राप बसून गोळी अडकलेली. पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या गाडीतही उतरतो. हा वाल्व्ह तो परत इंजिनात जाळायला पाठवतो. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि जिथलं सील कच्चं तिथून तेल बाहेर. एक सील बदललं की दाब पुढचं कच्चं शोधतो. म्हणजे तिघांनी सीलं बदलली, पॅकिंगं बदलली, चेंबरला सिलिकॉनचा लेप दिला, पण हा बारकासा वाल्व्ह काढून कानाशी धरायचं एकालाही सुचलं नाही. इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण उघडलं तर तिथून भकाभक फुंकर येत होती, ती तिघांनी बघितली असणार. मीही बघितली होती. इंजिन जोरात आहे म्हणून मला बरं वाटलं होतं.

घरी येऊन हे सगळं रंगवून सांगितलं. बायको भात लावत होती. म्हणाली, "म्हणजे कुकरची शिट्टी तुंबलेली आणि तुम्ही आठ महिने रिंगा बदलत होतात." अर्ध्या मिनिटात संपवला विषय. ही आठ महिन्यांपूर्वी कुठे होती? इथेच होती. मी विचारलं नव्हतं.

तर नवा वाल्व्ह बसला आहे. पॅकिंग बेळगावाहून यायचं आहे. कधी, ते तुम्हाला माहीत आहे. वर आज ड्रेन बोल्टच्या टोकाशी एक थेंब लोंबताना दिसला, कारण तिसऱ्या महाभागानं चेंबर परत लावताना जुनंच चेपलेलं वॉशर बसवलं. किंमत वीस रुपये असेल. त्याला फोन केला. दोन वाजले होते. उचलला नाही, झोपला असणार.

तोवर गाडी पोर्चमध्ये, मेहुण्याच्या पुठ्ठ्यावर. त्यावर 'ही बाजू वर' म्हणून बाण आहे, तो नेमका चेंबरकडे दाखवतो. आत्ता टॉर्च घेऊन वाकून बघत होतो तर खिडकीतून आवाज आला, "किती?"

तीन. पण एक जुना असावा.