‘रिकामटेकडे’ कुणाला म्हणता?

नमस्कार. एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “मराठी मरायला टेकलीय आणि हे रिकामटेकडे साहित्य नसलेली बनावट भाषा जगावर लादायला निघालेत.” लेख पटला नाही, तर तसं म्हणा. पण ही बोलायची कुठली पद्धत?

एक मान्य करतो. १६ नियमांत अख्खी भाषा येते, हे लेखातलं माझं वाक्य सैल होतं. नियम थोडे असले तरी शब्द पाठ करावेच लागतात.

आता ‘रिकामटेकडे’. मी ही भाषा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करताना शिकलो, जेवणाच्या सुट्टीत, डब्याशेजारी वही ठेवून. ऑइलचे डाग पडलेली ती वही अजून कपाटात आहे. पुढे हंगेरीतला एक रेल्वे कामगार मंगळवार पेठेत आमच्या घरी तीन दिवस राहून गेला. एस्पेरांतो बोलणाऱ्यांना एकमेकांकडे फुकट उतरता यावं म्हणून १९७४ पासून ‘पास्पोर्ता सेर्वो’ नावाची यजमानांची यादीच आहे. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला हंगेरियन. आईनं चहा आणला तेव्हा मी म्हटलं, “त्रिंकु तेओ,” म्हणजे ‘चहा प्या’. कप हातात घेता घेता त्यानं चूक काढली, “तेओन!” चहा इथं कर्म, म्हणून शेवटी ‘न’ लागतो. तिसऱ्या दिवशी तांबडा रस्सा वाढताना तो आईला मराठीत “बास, बास” म्हणत होता. हा माणूस रिकामटेकडा?

ही भाषा तयार करणारे झामेनहोफ डोळ्यांचे डॉक्टर होते. १८८७ साली वॉर्सात त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. त्यांची तिन्ही मुलं नाझींनी मारली. स्टालिनच्या राज्यात १९३७-३८ मध्ये कित्येक एस्पेरांतो कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या. रिकामटेकड्यांना कुणी एवढं घाबरतं का?

लादण्याचं म्हणाल तर १९०५ साली फ्रान्समधल्या बुलोन्य-सुर-मेरच्या पहिल्या जागतिक अधिवेशनातच ठरलंय, की कुठल्याही देशाच्या भाषेला हटवायचं नाही. मराठीची काळजी मलाही आहे. माझी दोन्ही मुलं मराठी शाळेत जातात. तुमची कुठं जातात?

बनावट, साहित्य नाही, हे जुनंच पालुपद. त्यावर लेखात लिहिलंय, परत वाचा.

माझ्यावर टीका खुशाल करा. पण कष्टानं पोट भरणाऱ्या माणसांना तो शब्द पुन्हा वापरलात, तर तुमची प्रतिक्रिया इथं ठेवणार नाही.