धूळ म्हणजे फुकटची सावली नव्हे

नमस्कार. पॉलिहाऊसचा पेपर, म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं आच्छादन, धुण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "उन्हाळ्यात सावलीसाठी आम्ही स्वतःच पेपरवर चुना मारतो, मग धुळीला कशाला घाबरायचं? पेपर पिवळा पडतो तो उन्हानं. तुम्ही मात्र दर पंधरा दिवसांनी घासायला सांगून पेपर फाडायला लावताय." उत्तर जरा लांबणार, कारण यातलं निम्मं तुमचं खरं आहे.

घासण्यापुरता कान पकडतो. 'पंधरा दिवसांनी' असं सरसकट लिहायला नको होतं, आणि कसं धुवायचं हे तर लिहिलंच नाही. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. कोरडा झाडू फिरवला की चरे उमटतात, पुढची धूळ त्याच चऱ्यांत रुतून बसते. पेपरऐवजी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा पत्रा असेल तर विचारूच नका, त्याचं यूव्हीपासूनचं (उन्हातल्या अतिनील किरणांपासूनचं) संरक्षण बहुधा बाहेरच्या अंगाला असलेल्या एका पातळ थरात असतं. म्हणून आधी वरून भरपूर पाणी सोडायचं, मग मऊ ब्रश आणि सौम्य साबण. पॉलिकार्बोनेटला अमोनियावालं क्लीनर लावायचं नाही.

पण सावलीचं पटत नाही. चुना तुम्ही हवा तेव्हा मारता, ऊन उतरलं की धुऊन काढता. धूळ नेमकी उजेडाची चणचण असते तेव्हाही वरच असते. सूर्य कलला की किरण तिरपे येतात, त्यांना धुळीचा तोच थर जाड पडतो. टोमॅटो-काकडीसारख्या पिकांत उजेड 1 टक्का घटला की उत्पादनही साधारण तेवढंच, 0.7 ते 1 टक्का घटतं, असा ढोबळ हिशेब आहे.

शिवाय सगळी धूळ सारखी नसते. पांढरं फडकं ओलं करून पेपरवरून वीतभर फिरवा. तांबूस-मातकट डाग आला तर ती माती. ती उजेड विखुरते, त्यातला बराचसा आत पोचतोच. काळा, बोटाला तेलकट लागणारा डाग आला तर ती काजळी. ती उजेड गिळते आणि नुसत्या पाण्यानं निघत नाही. वर्दळीच्या रस्त्यालगत किंवा भट्ट्यांच्या वाऱ्यात पॉलिहाऊस असेल तर हीच भेटणार. पाऊस धुऊन नेईल म्हणाल, तर जोराचा नेतो. भुरभुर पडली की उलट चिखलाचे ओघळ वाळून बसतात.

कधी धुवायचं हे लक्स मीटरला, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्राला विचारा. ढगाळ दिवशी आत आणि बाहेर लागोपाठ मोजा. तुलना 100 टक्क्यांशी नको, पेपर नवा असताना त्याच जागी घेतलेल्या आकड्याशी करा. नवा पेपरसुद्धा सगळा उजेड सोडत नाही, त्यात पाइपांची सावली वेगळीच.

आता पिवळेपण. मूळ गुन्हेगार ऊनच, मान्य. पण उन्हाशी लढायला पेपरात जे यूव्ही स्टॅबिलायझर घालतात, त्यांतले बरेच अमाइन नावाच्या रसायनांच्या जातीचे. हवेतला सल्फर डायऑक्साइड, गंधकाची धुरी, क्लोरीनयुक्त औषधं यांनी ते निकामी होतात, आणि मग ऊन मोकळं सुटतं. पेपर तापलेल्या पाइपाला टेकतो तिथं हात लावून बघा, बहुधा पहिला कडकपणा तिथंच जाणवेल. असा पेपर धुऊन सुधारत नाही.

भुरी या बुरशीच्या रोगासाठी तुम्ही आत गंधक जाळत असाल, तर ते प्रदूषण घरचंच. नवा पेपर घेताना गंधक किती सोसतो एवढं विचारून घ्या. आणि फडक्यावर कोणता रंग आला, तेही इथं लिहा.