शेवटच्या रांगेतल्या माणसाला पेलेल तोच सूर

संध्याकाळी देवळाच्या कर्ण्यावर पेनड्राइव्हमधला हरिपाठ चालू आहे आणि सभामंडपात पुजाऱ्याशिवाय चिटपाखरू नाही, अशी देवळं आता खूप झाली. आवाज गोड असतो, पखवाज तयारीचा असतो, मागे सिंथेसायझरही असतो. ऐकून कुणाचं काही बदलत नाही. आणि त्याच गावात आठवड्यातून एकदा दहा-बारा माणसं टाळ घेऊन बसतात. निम्मी बेसूर, एकाचा टाळ फुटलेला. पण उठताना त्यांचे चेहरे बसतानाच्या चेहऱ्यांपेक्षा वेगळे असतात. शेतातली भांडणं, कर्जाचे हप्ते, पोराचं न जमणारं लग्न, यांतलं काहीच सुटलेलं नसतं, तरी.

हे भक्तीमुळे होतं असं म्हणून विषय संपवता येईल. मला तो संपवायचा नाही. भक्ती असतेच, पण पेनड्राइव्ह लावणाऱ्यातही ती असते. फरक गाण्याच्या बांधणीत आहे आणि ती बांधणी मागे म्हणणाऱ्यांसाठी केलेली आहे. आपण मात्र सगळी व्यवस्था पुढे बसलेल्या बुवांसाठी करत सुटलो आहोत. पट्टी त्यांची, माइक त्यांचा, ताना त्यांच्या. मग ध्रुपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) धरणारे एकेक करून गळतात आणि ‘हल्ली तरुण पोरं भजनाला येत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. परंपरेने तुकोबांबरोबरच त्यांच्या चौदा टाळकऱ्यांची नावंही जपली. संताजी जगनाडे, गंगाजी मवाळ ही नावं आजही गावात माहीत असतात. मागे उभं राहून साथ करणाऱ्यांना हा मान फुकट मिळालेला नाही.

आधी छंद बघा. ‘देवाचिये द्वारीं’ सहा अक्षरं. ‘उभा क्षणभरी’ सहा. ‘तेणें मुक्ति चारी’ सहा. ‘साधियेल्या’ चार. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ याच मापाचा, ६-६-६-४, म्हणजे मोठा अभंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्याची एक फेरी म्हणजे आवर्तन. पहिले तीन चरण आवर्तनात भरून बसतात. चौथ्यात दोन अक्षरं कमी, आवर्तन मात्र तेवढंच. म्हणून शेवटचं अक्षर लांबवायला नाहीतर श्वास घ्यायला जागा उरते. साठीतला, दम लागणारा माणूसही तिथे दम खाऊन पुढच्या ओळीला हजर होतो. यमकामुळे ओळ कुठे उतरणार हे आधीच कळतं, त्यामुळे पाठ नसलेलाही निम्मं म्हणतो. त्यात ‘हरि मुखें म्हणा’ हे ध्रुपद पुन्हा पुन्हा येत राहतं. ज्याला बाकी काही येत नाही त्याला तेवढं येतं, आणि तेवढ्यावर तो अख्खा हरिपाठ निभावतो.

ठेक्यातही असंच काही आहे. आवर्तनाच्या पहिल्या निम्म्यात पखवाजाचा डाव्या हाताचा खर्ज घुमतो, दुसऱ्या, म्हणजे खालीच्या निम्म्यात तो बंद होतो आणि समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, परत येतो. दर आवर्तनात आधार काढला जातो आणि पुन्हा दिला जातो. ऐकणाऱ्याला हे कळत नसेल, पण गुडघ्यावर पडणारा हात बरोबर समेलाच पडतो.

२०१३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी समूहगायकांच्या हृदयाचे ठोके मोजले. एकत्र गाताना सगळ्यांचे ठोके बरोबरीने वाढत होते आणि बरोबरीने उतरत होते. कारण साधं आहे. ओळीची लांबी सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावते, आणि श्वासामागे ठोका चालतो. लांब ओळ म्हणजे लांब उच्छ्वास, आणि लांब उच्छ्वासाने ठोके मंदावतात. म्हणजे एकटं ऐकून जे होत नाही ते मागे म्हणून का होतं, याचं निम्मं उत्तर छातीतच आहे. अट एकच, ओळ पुरी म्हणता आली पाहिजे. इथेच आपण माती खातो.

पट्टीचं बघू. वारकरी गायकी उंच पट्टीची. पांढरी चार, काळी चार (पेटीवरच्या पट्ट्यांची ही नावं) इथे सा लावणारे बुवा असतात आणि तयारीचा गळा तिथे शोभतोही. पण न शिकलेल्या पुरुषाचा आवाज वर साधारण पांढरी तीनपर्यंत विनाताण जातो. सा काळी चारला असेल तर ही पांढरी तीन म्हणजे कोमल धैवत. त्याच्या वरचे निषाद, तार षड्ज म्हणजे मागच्या रांगेसाठी नुसती ओरड. तोच सा काळी एकला आणला तर तार सप्तकातल्या कोमल गंधारापर्यंत वाट मोकळी. काळी एकचा तार पंचम आणि काळी चारचा तार षड्ज हा एकच सूर आहे, पेटीवर बोट ठेवून बघा. बुवांना तो सहज लागतो, म्हणून सगळ्यांना लागेल असं धरून चालायचं नाही.

करायचं काय? अभंग सुरू करण्याआधी चालीतला सगळ्यात वरचा सूर पेटीवर दाबा आणि मागच्या रांगेतल्या दोघांना त्यावर ‘आ’ लावायला सांगा. हनुवटी वर गेली, गळ्याच्या शिरा दिसल्या, की एक पट्टी खाली या. पुन्हा तेच करा. सबंध तपासणीला मिनिटभर लागतं. ज्यांना हे कमीपणाचं वाटतं त्यांनी आपल्या गळ्याची हौस आलापात भागवावी, ध्रुपदात नको.

बायका-पुरुष एकत्र असले तर गोची मोठी. बायकांचा सा साधारण काळी चार-पाचला, पुरुषांचा काळी एक-दोनला. बहुतेक मंडळं एका बाजूचा बळी देतात, आणि ती बाजू कोणती हे सांगायला नको. हरिपाठासारख्या मर्यादित पल्ल्याच्या चालीला काळी तीनच्या आसपास सा ठेवला आणि चाल सा ते ध या सहा स्वरांत राहिली, तर दोघांचंही भागतं. पुरुषांना जरा वर, बायकांना जरा खाली, पण ओळ दोघांची पुरी होते. सिनेमातल्या गाण्यांवरून बांधलेल्या चालींना माझी तात्त्विक हरकत नाही. हरकत आहे ती दीड सप्तकाच्या उड्यांना. अंतऱ्याला टाळकरी गप्प होऊन बुवांच्या तोंडाकडे बघायला लागले, की समजायचं, भजन थांबलं आणि कार्यक्रम सुरू झाला. (डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्याची, गोष्ट वेगळी. तिथे सामनाच असतो आणि लोक सामना बघायलाच येतात.)

लय. प्रत्येक मंडळ धावतं, अपवाद नाही. धावण्याचं कारण बहुधा पखवाज नसतो. बुवांचा शेवटचा स्वर संपायच्या आत मागचे उत्साहाने ध्रुपद उचलतात, दर खेपेला पाव मात्रा खाल्ली जाते, आणि दहाव्या अभंगाला ओळीतली श्वासाची जागाच उरत नाही. सावकाश म्हटला तर पाऊण तासाचा हरिपाठ मग वीस-पंचवीस मिनिटांत उरकतो. अक्षरं सगळी म्हटली जातात, मन मात्र निवत नाही, कारण उच्छ्वास तोकडा पडतो. उपाय दोन. एक टाळकरी मुख्य धरायचा आणि बाकीच्यांनी कान त्याच्याकडे ठेवायचा. दुसरं म्हणजे लय वाढवायची ती नामगजरातच. अभंग ज्या लयीत उचलला त्याच लयीत ठेवायचा. गजरात मग खुशाल दुप्पट करा. शब्द तीन-चारच असतात, श्वासाची अडचण येत नाही, आणि पावल्यांना, म्हणजे टाळकऱ्यांच्या नाचाला, तीच लय हवी असते. पाऊण तास आवरून धरलेली लय तिथे सुटते, म्हणून गजराला अंगावर काटा येतो. आधीपासूनच धावत असाल तर सोडायला काही राहत नाही.

पखवाज. उजवी बाजू सा ला मिळवलेली, डावी बाजू म्हणजे धूम, ती तिच्या खर्जात. धुमेला कणीक लागते, साधारण चपातीच्या दोन गोळ्यांएवढी. चपातीपेक्षा सैल, तेल-मीठ न घालता भिजवलेली. मधोमध ठेवून ओल्या बोटांनी पसरायची, कडा पातळ, मध्य जाड. कणीक कमी पडली तर धूम चढते आणि पोकळ वाजते. जास्त झाली तर बसते, घुमतच नाही. पंख्याखाली अर्ध्या तासात ती वरून सुकायला लागते आणि सूर वर सरकतो, म्हणून जवळ पाण्याची वाटी हवी. वाजवणं झालं की लगेच काढायची. रात्रभर राहिली तर वाळताना कातडं ओढते आणि मग उंदरांचीही सोय होते. पावसाळ्यात कातडं सैल पडून सूर उतरतो. शेकोटीजवळ ठेवून चढवायचा मोह आवरा. हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो, आणि मोठा फरक असेल तर वादीखालचे लाकडी गठ्ठे सरकवायचे. हे सगळं वेळ खाणारं आहे, म्हणूनच दोन अभंगांच्या मध्ये पट्टी बदलू नये. बुवांनी एक स्वर चढवला आणि पखवाज जुन्याच सा ला राहिला, तर मागच्यांना आपण बेसूर आहोत असं वाटायला लागतं आणि ते आवाज आत घेतात. चूक त्यांची नसते.

टाळ सोपा वाटतो म्हणून कुणी शिकवत नाही. दोन्ही वाट्या समोरासमोर सपाट आपटल्या की मधे हवा कोंडते आणि ‘फट्’ असा मेलेला आवाज येतो. कडा किंचित सरकवून, एकीची कड दुसरीला घासून गेल्यासारखी लागली पाहिजे. दोरी बोटांना पक्की, वाटीवरची पकड मात्र सैल. दहा जोड कशाला लागतात हे मला कळलेलं नाही. बंद सभामंडपात पंधरा माणसांमागे चार-पाच टाळ पुष्कळ. बाकीच्यांनी टाळी वाजवावी. टाळीने शब्द झाकले जात नाहीत.

सभामंडपाचाही यात हात असतो. जुनी लाकडी, कौलारू देवळं आवाज थोडा पिऊन घेत. नवी मंदिरं स्लॅबची, भिंतींना टाइल्स, खाली ग्रॅनाइट, वर घुमट. टाळाचा एक ठोका संपायच्या आत दुसरा त्यावर चढतो आणि शब्द वाहून जातात. लाखोंची वर्गणी काढून बांधलेल्या मंडपात भजन बसत नाही ते यामुळे. घुमट पाडता येत नाही, पण जाड सतरंज्या, मागच्या भिंतीला पडदे, समोरासमोर दोन रांगांत जवळ बसणं आणि निम्मे टाळ, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता माइक. वीस-पंचवीस माणसांच्या भजनाला सभामंडपात माइकची गरज नाही. लावायचाच असेल तर एकच, दोन रांगांच्या मधोमध, बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवर. म्हणजे सगळे सारखे येतील. बुवांच्या तोंडाशी लावला की मागचे स्वतःलाच ऐकू येईनासे होतात, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो दोन अभंगांत गप्प बसतो. इको शून्यावर ठेवा. बाहेर साठ मीटरवर कर्णा असेल तर त्याचा आवाज परत यायला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. मध्य लयीत तेवढ्याने ठेका हलतो, लोक कर्ण्याच्या मागे जातात आणि पखवाज एकटा पडतो. शिवाय कर्ण्याला खर्ज पेलत नाही. धुमेचा घुमारा, ज्यासाठी कणकेची एवढी उठाठेव, तो त्यातून बाहेर पडतच नाही. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानेही बंदी आहे, आणि ती भजनाच्या पथ्यावरच पडते.

मयताच्या घरी जाणारी मंडळं हे सगळं न शिकवता करतात. अंत्ययात्रेपुढे टाळ-मृदंग घेऊन चालताना कुणी पट्टी मिरवत नाही. चाल साधी, लय पावलाची, सूर खालचा. घरात भजनाला बसतानाही तेच. दुःखातल्या माणसाला बोलता येत नसतं, पण ओळखीचं ध्रुपद आलं की तो तोंडातल्या तोंडात म्हणायला लागतो. सांत्वनाला आलेल्यांनाही काय बोलावं हे सुचत नसतं, त्यांनाही म्हणायला काहीतरी मिळतं. अशा वेळी अनोळखी, नवी बसवलेली चाल घेणं मला चक्क निर्दयपणाचं वाटतं. त्या घरातल्या माणसाला मागे म्हणता आलंच पाहिजे.

नवा माणूस आला तर त्याला टाळ लगेच देऊ नका. पहिले काही दिवस टाळी आणि ध्रुपद, बाकी काही नाही. त्याला पक्क्या टाळकऱ्याच्या शेजारी बसवा, बुवांच्या समोर नको. पुस्तक देऊ नका, दिलं की मान खाली जाते आणि आवाज मांडीत जातो. सूर चुकला तर त्याच दिवशी सांगू नका. नुसती जागा बदला, दोन चांगल्या गळ्यांच्या मधे बसवा. बहुतेकांचा सूर आठ-पंधरा दिवसांत आपोआप जवळ येतो. नाहीच आला तरी बसू द्या. बारा जणांत एक बेसूर खपून जातो, बारातले अकरा गप्प असले तर मात्र काहीच खपत नाही.