सातत्य अहवाल

विजेच्या मुख्य पॅनेलमध्ये पाणी शिरलं, विभागाची इमारत बंद झाली आणि ‘अध्यापनात खंड पडू देऊ नये’ असं परिपत्रक रात्री उशिरा ग्रुपवर येऊन पडलं. सकाळी मी गणिताचा ऑनलाइन तास घेतला. फुकटातलं झूम 40 मिनिटांनी हाकलतं, तास 60 मिनिटांचा. ऐन सिद्धतेत सगळे बाहेर. परत आले ते निम्मेच. तेही सोसलं. मग कार्यालयातून फोन.

“सर, सातत्य अहवालात खोली क्रमांक रिकामा आहे.”

“तास ऑनलाइन होता.”

“हो, पण खोली कुठली?”

“माझ्या घरातली. मागची.”

“घरची चालत नाही. वेळापत्रकातली टाका, 204.”

“ती बंद आहे.”

“तसं लिहू नका. बंद खोलीत तास झाला कसा, म्हणून ऑडिटवाले धरतील.”

“बरं, 204. मेल करू?”

“सहीची प्रत लागते. खिडकीवर आणून द्या.”

“कुठल्या खिडकीवर?”

“आपल्याच. तळमजल्यावर.”

“अहो, इमारत बंद आहे ना!”

पलीकडून अत्यंत समजूतदार आवाज आला, “म्हणून तर मुदत उद्यापर्यंत वाढवलीय, सर.”

अशा वेळी हमखास कुणीतरी न्यूटन काढतं. 1665 मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं, तो वूल्सथॉर्पला घरी गेला आणि कलनशास्त्राच्या मागे लागला. खरंय. पण तो नुकताच पदवीधर झाला होता, त्याला कुणाला शिकवायचं नव्हतं. आणि केंब्रिजने मुलांना सरळ घरी पाठवलं होतं. भाषणात हा भाग गाळतात.

बाहेर फेकल्या गेलेल्यांसाठी मी उरलेली सिद्धता ऑडिओत बोलून ग्रुपवर टाकली. व्हिडिओला डेटा पुरत नाही, आवाजाला पुरतो. रात्री ऐकला तरी चालतो. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने ती ऐकून गणित सोडवलं आणि वहीचा फोटो पाठवला. तिसऱ्या ओळीत उणे चिन्ह सुटलं होतं, बाकी चोख. हे अहवालात कुठे लिहू, असं मी कार्यालयात विचारलं.

“ऑडिओला तास धरत नाहीत, सर. तेवढा रविवारी भरून काढा.”

रविवारचं मानधन मिळेल का, हेही लगेच विचारून घेतलं. त्यासाठी म्हणे वेगळा अर्ज आहे. तोही खिडकीवरच मिळतो.