मालकाचं उत्तर: भंगारातला क्रँक आणि 46 हजार

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलेलं कुठल्याच गॅरेजवाल्याला आवडत नाही. पण एक स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय ते उद्या दहा जण वाचणार, म्हणून आमची बाजू पण इथेच लिहितो, थोडं लांब होईल.

तुमचं म्हणणं असं की आजोबांचा टाटा-मर्सिडीज 312 ट्रक आम्ही चार महिने अडकवून ठेवला, भंगारातला क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) घालून नव्याचे पैसे लावले, मालक माणसांवर ओरडतो आणि एवढं करून गाडी अजून धूर मारते. बाकीचं एकवेळ राहू दे, पण क्रँकचं मी सोडणार नाही. साठ किलो लोखंड, भंगाराचा भाव 35 रुपये किलो, म्हणजे 2100 चा माल 46 हजाराला, असं गणित मांडलंत तुम्ही. वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. घरातली आजीची समई कोणी पितळेच्या भावाने तोलून दाखवली तर तुम्हाला चालेल काय?

आता वाचणाऱ्यांसाठी सांगतो. टाटाने डेमलर-बेंझबरोबर करार करून 1954 ला जमशेदपूरला हे ट्रक काढायला सुरुवात केली, 1969 ला करार संपला आणि पुढच्या जाळीवरची बेंझची चांदणी गेली. साहेबांचा ट्रक त्या चांदणीवाल्यांपैकी, बॉनेट पुढे आलेला. सहा सिलिंडरचं साडेचार लिटरच्या वरचं इंजिन. या इंजिनाचा नवा क्रँक आज दुकानात मिळत नाही. महाग मिळतो असं नाही, मिळतच नाही. जो काही मिळतो तो कुठल्यातरी दुसऱ्या मेलेल्या इंजिनातून काढलेला असतो. याला भंगार म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग तुमचा अख्खा ट्रक पण त्याच हिशोबात बसतो, रागावू नका.

इंजिन खोललं तेव्हा तुम्ही स्वतः समोर उभे होता. मी मायक्रोमीटर लावून तुम्हाला दाखवलं की जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, एका बाजूने एक माप देतोय आणि आडवं धरलं की दुसरं, म्हणजे गोलाई गेली, अंडाकृती झालाय. गोलाई परत आणायला क्रँक घासतात ते पाव पाव मिलिमीटरने, 0.25, मग 0.50, 0.75 आणि शेवटी 1.00. तुमचा आधीच 1.00 वर होता, म्हणजे आजोबांच्या काळापासून चार वेळा ग्राइंडिंग होऊन गेलेलं, त्यांनी गाडी खाणीवर राबवली होती ना. त्याच्या पुढच्या साईजचे बेअरिंग शेल (जर्नलभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) येत नाहीत. वरून धातूचा थर चढवून देणारे आहेत, स्वस्तात होतं, पण लोड घेऊन घाट चढताना तो थर सुटला तर ब्लॉकसकट सगळं जातं. ते मी करत नाही आणि तुम्हाला पण तेव्हा तेच सांगितलं.

दुसरा मार्ग पण सांगितला होता. टाटाचंच 692 इंजिन बसवू, त्याचे पार्ट अजून मिळतात, डायरेक्ट इंजेक्शन म्हणजे डिझेल सरळ सिलिंडरमध्ये, स्टार्टिंगची कटकट नाही, काम लवकर होईल. तुम्ही घरी विचारतो म्हणालात. ते विचारणं पावसाला सुरुवात होईपर्यंत चाललं. भाऊ एक म्हणतात, काका एक म्हणतात, आणि इकडे गाडी माझ्या शेडमध्ये इंजिन उघडं टाकून उभी, दुसरी गाडी आत घ्यायला जागा नाही. शेवटी तुमचा फोन आला की वेळ लागू दे पण आजोबांचंच इंजिन राहिलं पाहिजे. मला आनंदच झाला खरं तर, असा हौशी माणूस हल्ली कमी भेटतो. पण मग वेळ लागला तो माझ्या नावावर कसा काय लागला?

शोधलं ते कुठे कुठे ते पण ऐका. कुर्ल्याला विचारलं, कोल्हापूरला उद्यमनगरात विचारलं, दिल्लीला मायापुरीत ओळखीच्या माणसाकडून विचारलं. एकाने फोटो पाठवला तो निघाला दुसऱ्याच इंजिनाचा. शेवटी बेळगावच्या बाजूला एका बंद पडलेल्या खडी क्रशरवर हेच इंजिन पडलेलं मिळालं. तिथला माणूस सुटा क्रँक विकायला तयार नाही, घ्यायचं तर पूर्ण इंजिन घ्या. घेतलं. 24 हजार. पावसात चोर्ला घाटाने टेम्पो आणायला कोणी तयार होईना, भाडं आणि चढवणं-उतरवणं धरून साडेपाच हजार. क्रॅक टेस्ट, ग्राइंडिंग, पॉलिश मिळून साडेसहा. मेन आणि बिगएंडचे, म्हणजे क्रँकच्या दोन्ही प्रकारच्या जर्नलचे शेल पुण्याच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे जुन्या डब्यात होते, त्याने सात सांगितले, सातच दिले, घासाघीस करायची सोय नाही कारण दुसरीकडे नाहीतच. क्रशरचं इंजिन खोलणं, धुणं, क्रँक काढणं तीन हजार. करा बेरीज. यात आमचा फायदा कुठे दिसला तर मला पण दाखवा, बायको तेच विचारते.

आणि भंगार उचललं आणि घातलं असं नाही होत. तो क्रँक मी साखळीला उभा टांगून हातोडीने टकटक करून बघितला. चांगला क्रँक असला की घंटेसारखा वाजतो, आवाज लांबतो, चीर असली की ठप्प करून मरतो. हा वाजला. तरी तेवढ्यावर विश्वास न ठेवता मॅग्नेटवाली टेस्ट करून घेतली, जर्नलच्या कोपऱ्यात जिथे गोलाई असते तिथेच बारीक चिरा धरतात, तिथे काही नव्हतं. 0.25 वर होता तो आता 0.50 वर आहे, म्हणजे तुमच्या मुलाला पण अजून दोन वेळा घासता येईल. तुमचा जुना क्रँक गोणपाटात बांधून तुमच्याच गाडीत ठेवलाय. पार्ट बदलला नाही आणि पैसे घेतले असं कोणी म्हणू नये म्हणून जुना पार्ट परत द्यायची आमची पहिल्यापासूनची पद्धत.

ओरडण्याबद्दल. हो, ओरडलो. तुमचा भाचा ट्रकच्या 900-20 साईजच्या चाकात हवा भरत होता, लॉक रिंगच्या बरोबर समोर बसून, मोबाईल हातात. तो रिम दोन तुकड्यांचा असतो, रिंग खाचेत नीट बसली नसेल तर हवेच्या प्रेशरने गोळीसारखी सुटते, माणसाचं डोकं राहत नाही. म्हणून आमच्याकडे पिंजऱ्यात ठेवून भरतात. तो पोरगा पिंजरा लांब पडतो म्हणून तिथेच बसला. त्या वेळी प्लीज, थँक्यू असं बोलायला सुचलं नाही. परत झालं तर परत ओरडेन.

धुराचं. या इंजिनात प्रीचेंबर आहे, म्हणजे डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं, थंडीत तो कप्पा गरम करणाऱ्या हीटर प्लगशिवाय ते नीट पेटत नाही. डॅशवरच्या छोट्या जाळीतली तार लाल होईपर्यंत हीटर धरून ठेवा, घाई करू नका, मग सेल्फ मारा. सगळे प्लग सिरीजमध्ये आहेत, एक गेला की सगळे बंद, ते पण डिलिव्हरीच्या दिवशी तुमच्या ड्रायव्हरला सांगितलेलं. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर आला आणि गरम झाल्यावर गेला तर काळजी नको. गरम इंजिन निळा धूर मारत असेल तर ते ऑइल जळतंय, तसं असेल तर सांगा, ती माझी जबाबदारी. तुम्ही रिव्ह्यूत रंगच लिहिला नाही.

विंटेज पासिंग (जुनी गाडी म्हणून आरटीओची खास नोंदणी) करून देतो असं मी बोललो असंही शेवटच्या ओळीत आलंय. नाही बोललो साहेब. 2021 चा तो नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकीचा आहे, ट्रक त्यात बसत नाही, उलट मीच तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा पडला होता.

बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, गोव्यातल्या उसगाव-तिस्कच्या या पट्ट्यात एकेकाळी रात्री पण गॅरेजं चालू असायची, मायनिंगच्या टिपरची लाईन लागायची. 2012 ला बंद झालं, मधे थोडं सुरू झालं, 2018 ला सुप्रीम कोर्टाने खाणींची 88 लीज रद्द केल्यावर परत बसलं. किती जणांनी शटर ओढलं, पोरं मुंबईला, आखातात गेली. आम्ही जुन्या गाड्यांच्या कामावर तग धरून आहोत, आणि ही कामं फोनवर स्टार बघून येतात. तुम्हाला एक स्टार म्हणजे राग काढला झालं, आम्हाला तो पुढच्या चवथीपर्यंत पुरतो.

असो. पुढे जुना पार्ट कुठून आला, कितीला आला ते कागदावर लिहून द्यायचं ठरवलंय, फोटो पण पाठवू, मुलाला सांगून ठेवलंय, बघू कसं जमतं ते.

तुमची गाडी घेऊन या, हीटरची लाईन चेक करून देतो, त्याचे पैसे नकोत. आणि क्रशरचं उरलेलं इंजिन, ब्लॉक, हेड, पंप सगळं, तुमच्याच 46 हजारातलं आहे, तुमच्या मालकीचं आहे, शेडच्या मागे ताडपत्री घालून ठेवलंय. दोनदा निरोप दिला, कोणी आलं नाही. हेड चांगलं आहे, पुढे लागेल, भंगारवाल्याला देऊ नका. टेम्पो आणि दोन माणसं घेऊन या, चढवायला चेन ब्लॉक आहे आमच्याकडे. पाऊस लागायच्या आधी या, रविवारी बंद असतं.